तुंगारेश्वराच्या वनात

पालघर जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र पसरलेला आहे आणि पूर्वेस सह्याद्रीच्या निळसर रांगा उभ्या आहेत. या दोहोंमधील सखल पट्टीत बोईसर आणि तारापूर ही गावे वसली आहेत. तारापूर हे जुने बंदर. भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र याच परिसरात उभारले गेले व १९६९ साली त्याने वीज देण्यास प्रारंभ केला. पुढे बोईसरजवळ कारखान्यांची मोठी वसाहत वाढली. पहाटेपासून रात्रीपर्यंत येथील रस्त्यांवर कामगारांची व मालमोटारींची वर्दळ चालू असते. अशा गजबजलेल्या गावात वाढणाऱ्या मुलांना वन म्हणजे काहीतरी फार दूरचे, चित्रांत पाहावयाचे, असे वाटले तर नवल नाही.

परंतु वन तितके दूर नाही. बोईसरहून आगगाडीने दक्षिणेकडे निघावे, सुमारे ५० किलोमीटर अंतरावरील वसई रोड स्थानकावर उतरावे आणि पूर्वेकडे दृष्टी टाकावी. दाट झाडीने झाकलेला एक उंच डोंगर समोर दिसतो. तोच तुंगारेश्वराचा डोंगर. त्याच्या कुशीत महादेवाचे प्रसिद्ध मंदिर आहे, आणि मंदिराभोवतीचे सुमारे ८५ चौरस किलोमीटर वन २००३ सालापासून वन्यजीव अभयारण्य म्हणून राखलेले आहे. त्याच्या दक्षिणेस, वसईच्या खाडीपलीकडे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वेच्या बाजूस तानसा अभयारण्य आहे. मुंबईसारख्या महानगराच्या उंबरठ्यावर असलेली ही तीन वने म्हणजे निसर्गाने जपून ठेवलेला ठेवाच होय.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द आपण नेहमी ऐकतो. त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जेथे वन्य प्राण्यांना अभय आहे, म्हणजे शिकारीचे भय नाही, ते अभयारण्य. तेथे आसपासच्या गावकऱ्यांचे काही जुने हक्क परवानगीने चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानाचे नियम याहून कडक असतात. तेथे गुरे चारण्यास मनाई असते, आणि जमिनीवर कोणाचाही खासगी हक्क उरत नाही. ती साऱ्या राष्ट्राची ठेव मानली जाते. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान अमेरिकेत यलोस्टोन येथे १८७२ साली स्थापन झाले. आपल्या देशातील पहिले उद्यान हिमालयाच्या पायथ्याशी १९३६ साली निर्माण झाले. ते आज कॉर्बेट यांच्या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रात हा मान १९५५ साली ताडोबाला मिळाला. १९७२ साली वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि या सर्व वनांना भक्कम आधार लाभला.

तुंगारेश्वराचे वन बारा महिने एकसारखे दिसत नाही. फाल्गुनात तेथे जावे तर साग, ऐन यांसारख्या वृक्षांची पाने गळून गेलेली असतात आणि वाटेवर पाचोळ्याचा जाड थर साचलेला असतो. पण याच दिवसांत निष्पर्ण पळस केशरी फुलांनी पेटल्यासारखा दिसतो; काटेसावर आणि पांगारा लाल फुलांनी बहरतात. ती फुले म्हणजे पक्ष्यांची पाणपोईच. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर असे कितीतरी पक्षी मध पिण्यासाठी तेथे दाटी करतात. चैत्रात मोहाची फुले टपटप गळू लागतात. ती वेचण्यासाठी आदिवासी बायका-मुले पहाटेच झाडाखाली येतात. आणि त्यांच्याही आधी, रात्रीच्या अंधारात, भेकरे व रानडुकरे येऊन आपला वाटा उचलून गेलेली असतात.

ज्येष्ठाच्या अखेरीस पाऊस कोसळू लागला म्हणजे हेच वन ओळखू येत नाही. कोरडे ओढे खळाळून वाहू लागतात. दगडांवर शेवाळ चढते. कातळाच्या भेगांतून नेचे डोकावतात. या सुमारास कोकणातील ओढ्याकाठच्या झाडीत तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा लहान, पण निळा, जांभळा, पिवळा, केशरी असे रंग ल्यालेला हा पक्षी ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिले वाढवितो. त्याच्या पायाला तीनच बोटे असतात, म्हणून तो तिबोटी. पाऊस ओसरल्यावर फुलपाखरांचे दिवस येतात. काळ्या मखमलीवर निळे पट्टे ओढावेत तसे पंख असलेले राणी पाखरू याच दिवसांत दिसते. २०१५ साली ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. डोंगरउतारावर कारवीची रोपे दाटीने उभी असतात. ही कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षे वाढल्यावर ती एकदाच फुलते, सारा उतार जांभळा करून सोडते, आणि बी धरले की वाळून जाते. शाळेत नाव घातल्यापासून ती संपेपर्यंत एखाद्या मुलाला कारवीचा बहर एकदाच पाहावयास मिळेल. म्हणून तो चुकवू नये.

वनाचा आनंद लुटावयाचा तर वनात जाण्याची रीत शिकून घेतली पाहिजे. पुष्कळ लोक दुपारी वनात जातात, मोठमोठ्याने बोलतात, हाका मारतात, आणि संध्याकाळी परतताना म्हणतात, “येथे तर एकही प्राणी नाही!” प्राणी तेथे असतात, परंतु पाहुण्यांचा कोलाहल ऐकून ते केव्हाच दूर गेलेले असतात. त्यांची नाके व कान आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण आहेत. तेव्हा वनात सूर्योदयाच्या सुमारास जावे. कपडे मातकट अथवा हिरवट रंगाचे असावेत. अंगाला सुगंधी द्रव्ये लावू नयेत. जाणत्या माणसाच्या सोबतीने, ठरलेल्या वाटेनेच चालावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मधून मधून थांबावे. एखाद्या झाडाखाली दहा मिनिटे हालचाल न करता बसून राहिले, की वन आपले थांबलेले व्यवहार पुन्हा सुरू करते.

अशा वेळी डोळ्यांच्या आधी कानांना पुष्कळ काही कळते. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्याकाठून कोणी गोड शीळ घातली, तर एखादा गुराखी जात असावा असे वाटते. ती शीळ असते शीळकरी कस्तूर या निळ्या-काळ्या पक्ष्याची. त्याची ती स्वैर शीळ ऐकून इंग्रज लोक त्याला शीळ घालणारा शाळकरी मुलगा असे म्हणत. उन्हाळ्यात एकसारखा ‘टुक् टुक्’ असा तांबट पक्ष्याचा आवाज येतो. जणू कासार भांड्यावर ठोके घालीत आहे. पाचोळ्यात कलकलाट करीत उड्या मारणारे सातभाई नेहमी टोळीने हिंडतात. भृंगराजाची गोष्ट तर फारच मौजेची. शेपटीत दोन लांब पिसे मिरविणारा हा पक्षी इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. चार निरनिराळ्या पक्ष्यांचे आवाज एकाच फांदीवरून येऊ लागले तर तेथे भृंगराज बसला आहे, असे खुशाल समजावे.

बारकाईने पाहण्याला किती मोल आहे, हे रानपिंगळ्याच्या गोष्टीवरून कळते. गावाकडे जुन्या आंब्या-वडाच्या ढोलीत राहणारा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. रानपिंगळा हा त्याचाच दुर्मीळ भाऊबंद. १८८४ नंतर कित्येक वर्षे तो कोणासही आढळला नाही. जगातून तो नाहीसा झाला, असेच विद्वान समजत होते. परंतु १९९७ साली, म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी, महाराष्ट्राच्या उत्तर टोकास शहाद्याजवळच्या वनात अमेरिकन पक्षितज्ज्ञांना तो पुन्हा दिसला. पुढे २०१४ साली तानसाच्या वनातही त्याचा शोध लागला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते फिकट व विरळ असतात. शिवाय रानपिंगळा भर दिवसाही वावरतो. फरक एवढासाच. ‘पिंगळाच तो, त्यात काय पाहावयाचे!’ असे म्हणून पुढे जाणाऱ्यास तो कधीच सापडला नसता.

वनातील पुष्कळसे प्राणी रात्री हिंडतात. त्यामुळे ते स्वतः दिसले नाहीत तरी त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा दिसतात. ओढ्याकाठची ओली वाळू अथवा वाटेवरची मऊ माती म्हणजे वनाची टिपणवही होय. तिच्यावर रात्रभर कोण आले, कोण गेले, याची नोंद उमटलेली असते. दोन टोकदार खुरांचा ठसा भेकराचा किंवा सांबराचा. भेकराचा लहान, सांबराचा मोठा. माती उकरून टाकलेली असेल तर कंदमुळांसाठी रानडुकरांनी तेथे मुसंडी मारली असे ओळखावे. काळे-पांढरे जाड काटे पडलेले दिसले तर साळिंदर त्या वाटेने गेले. आणि गादीसारखा तळवा व त्यापुढे चार गोल बोटे असा ठसा आढळला, तर तो नीट पाहावा. बोटांपुढे नखांच्या खुणा असतील तर तो कुत्र्याचा ठसा. नखांच्या खुणा नसतील तर तो मांजराच्या कुळातील प्राण्याचा. कारण ही मंडळी चालताना नखे आत ओढून घेतात. असा ठसा चांगला मोठा असेल, तर त्या वाटेने बिबट्या गेला आहे!

बिबट्या आला की वनात आधी बातमी पसरते. उंच झाडावर बसलेल्या वानराला तो प्रथम दिसतो. वानर ‘खक् खक्’ असा खरखरीत आवाज काढून इशारा देते. तो ऐकताच खाली चरणारी चितळे माना उंचावतात व शेपट्या उभारतात. दाट झाडीतून भेकर कुत्र्यासारखे भुंकू लागते. वानरे आणि चितळे यांची तर मैत्रीच असते. वानरे झाडावरून कोवळा पाला व फळे खाली टाकतात, ती चितळांना आयतीच मिळतात. आणि वानरांना दूरचे दिसते तसा चितळांना दूरचा वास कळतो. एकाची दृष्टी आणि दुसऱ्याचे घ्राणेंद्रिय अशी ही परस्परांच्या उपयोगी पडणारी सोबत आहे.

बिबट्याचे नाव काढताच पुष्कळांच्या अंगावर काटा उभा राहतो. परंतु या भागातील वारली लोकांनी त्याच्याशी फार पूर्वीपासून शेजारधर्म जोडलेला आहे. वाघ आणि बिबट्या या दोघांनाही ते वाघोबा म्हणतात व देव मानतात. पाड्याच्या सीमेवर किंवा वनाच्या कडेला लाकडाच्या फळीवर अथवा दगडावर कोरलेला, शेंदूर लावलेला वाघोबा उभा असतो. त्याच्या जोडीला चंद्र, सूर्य आणि नागही कोरलेले दिसतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. ‘आमच्या गुरांचे व लेकरांचे रक्षण कर’ अशी त्याला प्रार्थना करतात. ज्याचे भय वाटते त्याला मारून टाकण्याऐवजी त्याला त्याची जागा द्यावी आणि आपण आपल्या जागी सावध राहावे, असा शहाणपणा या रूढीत साठविलेला आहे. अर्थात वाघोबाला पुजणारा वारली बेसावध नसतो. अंधार पडल्यावर तो लहान मुलांना एकटे बाहेर पाठवीत नाही, आणि गुरे बंदिस्त गोठ्यात बांधतो.

या शेजाऱ्याच्या स्वभावाची साक्ष देणारी एक सत्यकथा आहे. २००९ च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला सुखरूप बाहेर काढण्यात आले. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी वनखात्याच्या साहाय्याने त्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला. बिबट्या कोठे आहे हे उपग्रहांच्या साहाय्याने कळविणारे यंत्र त्या पट्ट्यात होते. त्याच्या शांत वृत्तीमुळे त्याचे नाव ‘आजोबा’ असे पडले. आजोबाला माळशेज घाटात सोडून देण्यात आले.

सर्वांना वाटले, तो तेथेच राहील. पण आजोबा पश्चिमेकडे चालू लागला. दिवसा तो झाडीत पडून राही, आणि रात्री चाले. त्याने मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला. कसाऱ्याजवळ लोहमार्ग ओलांडला. गावे, शेते व कारखाने यांच्या कडेकडेने तो वसईच्या बाजूस आला. आणि अखेरीस खाडीचे रुंद पात्र पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. सुमारे १२० किलोमीटरांचा हा प्रवास त्याने महिन्याच्या आत केला. वाटेत शेकडो माणसे त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर झोपलेली असतील. पण त्याने कोणासही इजा केली नाही. तो येऊन गेला हे बहुतेकांना कळलेही नाही. बिबट्या माणसाच्या वाटेस जाण्यापेक्षा माणसाला टाळून जाणेच पसंत करतो, हे आजोबाने आपल्या पावलांनी दाखवून दिले. या गोष्टीचा शेवट मात्र दुःखद आहे. २०११ साली एका रात्री महामार्ग ओलांडताना भरधाव वाहनाची धडक बसून आजोबा मृत्यू पावला. डोंगर, गावे, लोहमार्ग आणि खाडी या सर्वांना जो पुरून उरला, त्याचा घात रस्त्यावरच्या एका क्षणाने केला.

आजोबाच्या प्रवासाने एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिली. नकाशावर अभयारण्याभोवती आपण जी रेषा काढतो, ती प्राण्यांना ठाऊक नसते. तानसा, तुंगारेश्वर आणि राष्ट्रीय उद्यान ही नकाशावर तीन वने आहेत; बिबट्याच्या लेखी ते एकच घर असून त्याच्या तीन खोल्या आहेत. पिले मोठी झाली की त्यांना नवी जागा शोधावी लागते. उन्हाळ्यात एका वनातील पाणी आटले तर दुसरीकडे जावे लागते. एका लहानशा वनात कोंडलेले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वाढले, तर त्यांची संतती दुबळी होत जाते. म्हणून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याचे दार उघडे असावे लागते. तुंगारेश्वर हे त्या घराचे मधले दालन आहे. परंतु तेथून राष्ट्रीय उद्यानाकडे जावयाचे तर चिंचोटी-भिवंडी रस्ता, वसई-दिवा लोहमार्ग आणि खाडी ओलांडावी लागते. आणि उद्यानाच्याच दोन भागांमधून घोडबंदरचा रस्ता जातो. या रस्त्यांवर रात्रंदिवस वाहने धावत असतात.

मग रस्ते नकोत काय? तसे म्हणता येणार नाही. बोईसरच्या कारखान्यांतील माल आणि तारापूरच्या घरांतील धान्य रस्त्यांवरूनच जाते-येते. पण माणसाची वाट आणि प्राण्यांची वाट या दोन्ही राखता येतात. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गावरून व खालून प्राण्यांसाठी खास पूल व बोगदे बांधले आहेत. पुलांवर माती घालून झाडे लावली आहेत, आणि अस्वले व हरणे त्यांवरून निर्धास्त ये-जा करतात. आपल्याच राज्यात पेंच येथील वनातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ ठिकठिकाणी उंच खांबांवर उचलून घेतला आहे. वरून वाहने धावतात आणि खालून चितळे, रानकुत्री, एवढेच नव्हे तर वाघही जातात. तेथे बसविलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी त्यांची छायाचित्रे टिपली आहेत. सुरुवातीस प्राणी अशा वाटेने जाण्यास बिचकतात. पण हळूहळू त्यांस ती आपली वाटू लागते.

वनात जाणाऱ्या प्रत्येकाने काही नियम पाळावेत असे सांगितले जाते. हे नियम कोणीतरी घातलेली बंधने नव्हेत. प्रत्येकामागे सबळ कारण आहे. माकडांना खाऊ घालू नये. कारण एकदा ती सवय लागली की ती पाला व फळे शोधणे सोडून रस्त्यावर येऊन बसतात, लोकांच्या हातांतील पिशव्या हिसकावतात, आणि वाहनांखाली सापडतात. उरलेले अन्न व प्लास्टिकच्या पिशव्या वनात टाकू नयेत. त्या पिशव्या अन्नाच्या वासामुळे हरणांच्या पोटात जातात. शिवाय उष्ट्या अन्नावर भटकी कुत्री जमतात, आणि कुत्रे हे बिबट्याचे आवडते भक्ष्य असल्यामुळे त्यांच्यामागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. म्हणजे सहलीच्या दिवशी फेकलेली भाकरी एखाद्या पाड्यातील लहान मुलाच्या जिवाशी खेळ ठरू शकते. काडी पेटवून टाकू नये; फाल्गुन-चैत्रात वाळलेला पाचोळा क्षणात पेट घेतो, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिले त्या वणव्यात भस्म होतात.

पावसाळ्यात विशेष जपले पाहिजे. तुंगारेश्वराचे ओढे व धबधबे पाहावयास अनेक लोक येतात. पायथ्याशी ऊन पडलेले असले तरी डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळत असेल, तर पाण्याचा लोंढा पाहता पाहता खाली येतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्याचा आवाज वाढला, त्यातून काटक्या व पाला वाहून येऊ लागला, की तत्काळ काठावर यावे. शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवू नये. जेथे जाण्यास मनाई आहे तेथे धाडस म्हणून जाणे हे शौर्य नसून अविचार आहे.

हे सारे जपावयाचे ते केवळ मौजेसाठी नव्हे. झाडांची मुळे पावसाचे पाणी जमिनीत जिरवतात आणि ते वर्षभर थोडेथोडे सोडतात. तुंगारेश्वराच्या डोंगरातील पाणी पेल्हारच्या तलावात साठते व ते वसई-विरारच्या लोकांना मिळते. मुंबईकरांसाठी तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. राष्ट्रीय उद्यानातील विहार आणि तुळशी हे तलाव तर त्याहूनही जुने आहेत. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ सालचा. या तलावांभोवतीची झाडी पाण्यासाठी राखली गेली, आणि त्या झाडीच्या आसऱ्याने बिबट्याही राहिला. नळाची तोटी सोडणाऱ्या महानगरातील मुलाचे आणि पाणवठ्यावर वाकणाऱ्या बिबट्याचे असे जुने नाते आहे.

तुंगारेश्वरास जाण्याचा योग वर्षातून एखाद्या वेळीच येईल. तोवर बोईसर-तारापूरच्या मुलांनी हात जोडून बसण्याचे कारण नाही. तारापूरच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी जावे. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, एकच नांगी भली मोठी असलेले चिमुकले खेकडे, तिवरांच्या मुळांशी दबा धरून बसलेला बगळा, हिवाळ्यात दूरच्या थंड देशांतून आलेले तुतवार, हे सर्व तेथे भेटतील. एक छोटी वही जवळ ठेवावी. तिच्यात दिवस, वेळ, स्थळ आणि काय पाहिले ते लिहावे. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे. दोन-तीन वर्षे अशी वही भरली म्हणजे कोणता पक्षी केव्हा येतो आणि केव्हा जातो, हे पुस्तकात न पाहताही सांगता येईल. ज्याचे डोळे व कान खाडीकाठी असे तयार झाले, त्याला तुंगारेश्वराच्या वाटेवरचा ठसा वाचता येईल.

आपल्या घरी पाहुणा येतो तेव्हा तो दारातून हाक देतो, हळू बोलतो, वस्तूंची मोडतोड करीत नाही आणि वेळेवर निरोप घेतो. वनात आपण पाहुणे असतो आणि घरधनी झाडीआडून आपल्याकडे पाहत असतात. पाहुण्याने रीत सांभाळली तर घरधनी कधीतरी दर्शन देतात. ते न दिले तरी ओल्या वाळूत उमटलेले एखादे पाऊल, वानराचा एखादा इशारा, कस्तुराची पहाटेची शीळ एवढे घेऊन आपण परत येतो. आणि परतीच्या वाटेवर, महामार्गावर धावणाऱ्या गाडीत बसलेले असताना, अंधारात कोणीतरी रस्त्याच्या कडेला पलीकडे जाण्यासाठी थांबले असेल, ही जाणीव ज्याच्या मनात राहिली, त्याचे वनात जाणे सार्थकी लागले असे म्हणावे.